‘निर्मनुष्य’ सीमाभूमीत आधी कोण राहत होते?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अद्भुतकथांतील भूगोलाविषयी सुरू असलेल्या लेखमालेतील रोहानच्या राज्यावरचा लेख मी आस्थेने वाचला. इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन यांच्या मध्य-पृथ्वी या काल्पनिक जगाबद्दल मराठी वृत्तपत्राने इतकी जागा द्यावी, याचा आनंद आहेच. परंतु उत्तरेकडून आलेल्या घोडेस्वारांनी गोंडोर राज्याच्या सीमेवरील निर्मनुष्य प्रदेशात वस्ती केली आणि पश्चिमेच्या डोंगरांतील रानटी टोळ्या पुढे त्यांना छळत राहिल्या, अशा आशयाची जी मांडणी त्या लेखात आहे, तिला माझी हरकत आहे. टोल्किन यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या वसाहतीच्या इतिहासाशी ती जुळत नाही. त्या प्रदेशातील माणसे मुळात कोण होती, ती डोंगरांत कशी ढकलली गेली आणि त्यांचा राग कशातून आला, हे त्यांनी इतक्या तपशिलाने नोंदवले आहे की ते वगळले तर रोहानची कथाच अर्धी राहते.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एलरॉन्ड या एल्फ (अमर, मानवेतर वंश) सरदाराच्या घरी भरलेल्या सभेत एक उल्लेख ओझरता येऊन जातो. आज जिथे हॉबिट या बुटक्या लोकांचा शायर प्रांत आहे, तिथून थेट आयझेनगार्ड गढीच्या पश्चिमेकडील डनलंडपर्यंत एखादी खार झाडावरून झाडावर उड्या मारत जाऊ शकेल, असा एक काळ होता, असे एलरॉन्ड सांगतो. पहिल्या वाचनात हे वाक्य केवळ काव्यमय वाटते. पण हे एवढे अरण्य गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर टोल्किन यांनी उत्तरायुष्यातील टिपणांत लिहून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या मुलाने, ख्रिस्तोफर टोल्किन यांनी, १९८० साली ‘अनफिनिश्ड टेल्स’ या नावाने जे साहित्य संपादित केले, त्यातून ते वाचकांसमोर आले. सीमाभूमीच्या आद्य वसाहतीचा खरा इतिहास या टिपणांत आहे आणि तो मुळीच सुखावह नाही.

ग्वाथ्लो नदीच्या उत्तरेला मिन्हिरिआथ आणि दक्षिणेला एनेडवाइथ असे दोन विस्तीर्ण प्रदेश आहेत. मध्य-पृथ्वीच्या कालगणनेतील दुसऱ्या युगाच्या आरंभी दोन्हीकडे घनदाट अरण्य होते. त्या अरण्यात माणसे राहत होती आणि त्यांची संख्याही बरीच होती. मात्र ती विखुरलेल्या लहान वस्त्यांतून राहत आणि त्यांचा कोणी एक राजा किंवा नायक नव्हता. समुद्रापलीकडच्या न्युमेनॉर बेटाचा राजपुत्र आल्दारिओन याला जहाजांचे वेड होते. त्याच्या ताफ्याला लाकूड हवे होते आणि बेटावरची वने त्याला पुरेनाशी झाली होती. त्याने ग्वाथ्लोच्या मुखाशी बंदर उभारले, तेच पुढे लोंड डायर या नावाने ओळखले गेले. किनाऱ्यावर उतरलेल्या या उंचापुऱ्या दर्यावर्दींचा अरण्यवासीयांना धाक वाटला, पण सुरुवातीला त्यांनी वैर धरले नाही, हे टोल्किन स्पष्टपणे नोंदवतात. वैर सुरू झाले ते तोडीचे प्रमाण विध्वंसाला पोचल्यावर.

या तोडीचे वर्णन मुद्दाम थांबून वाचावे असे आहे. आधी नदीच्या दोन्ही तीरांवरची झाडे पडली आणि ओंडके प्रवाहात सोडून बंदरापर्यंत तरंगत आणले जाऊ लागले. तीर उघडे पडल्यावर न्युमेनॉरच्या लोकांनी उत्तरेला आणि दक्षिणेला अरण्यात खोलवर रुंद वाटा आणि रस्ते काढले. तेव्हा रहिवाशांनी दबा धरून हल्ले करायला सुरुवात केली. त्यानंतर त्यांना शत्रू मानण्यात आले आणि तोड अधिक निर्दय झाली. वनाची निगा राखण्याचा किंवा नव्याने लागवड करण्याचा विचारही उरला नाही. मिन्हिरिआथमधील लोक पळून समुद्रात घुसलेल्या एरिन व्हॉर्न या काळोख्या वनाच्या भूशिरावर जाऊन राहिले. त्याच्या उत्तरेची बारान्दुइन नदी ओलांडण्याचे धाडस त्यांना झाले नाही, कारण पलीकडे एल्फ होते आणि त्यांना एल्फांची भीती वाटे. एनेडवाइथमधील लोक पूर्वेच्या डोंगरांकडे सरकले. तोच भाग पुढे डनलंड झाला. म्हणजे ज्यांना आपल्या लेखात डोंगरातले रानटी म्हटले आहे, त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज डोंगरातले नव्हतेच, ते नदीकाठच्या वनातले होते.

टोल्किन यांच्या उत्तरायुष्यातील दुसऱ्या एका टिपणातील तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. न्युमेनॉरच्या लोकांचे पूर्वज ज्या तीन मानवी घराण्यांतून आले होते, त्यांपैकी हालेथच्या घराण्याशी या अरण्यवासीयांचे दूरचे नाते होते. पण त्यांची बोली न्युमेनॉरच्या राजभाषेला परकी वाटली, म्हणून ते नाते कोणाच्या ध्यानातच आले नाही. उलट उत्तरेकडे इव्हेन्डिम सरोवराच्या आसपास राहणाऱ्या माणसांची बोली ओळखीची वाटली आणि त्यांना हरवलेले भाऊबंद म्हणून जवळ करण्यात आले. समुद्रापलीकडून आलेल्या एकाच लोकसमूहाने एकाच किनाऱ्यावर दोन समूहांशी दोन प्रकारे व्यवहार केला. एकाला भेटी मिळाल्या, विद्या मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला कुऱ्हाड आली. लेखकाने हा फरक गुणदोषांवर बेतलेला नाही, दक्षिणेकडचे लोक वाईट होते म्हणून असे झाले असे कुठेही म्हटलेले नाही, आणि यातच त्याची इतिहासदृष्टी दिसते.

आल्दारिओनच्या काळापासून पुढे आठ-नऊ शतके या प्रदेशातून लाकूड जात राहिले. दुसऱ्या युगाच्या १६९३ साली एल्फ आणि दुष्ट शक्तींचा स्वामी सौरॉन यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा विस्थापित लोकांनी सौरॉनचे स्वागत केले आणि त्याचा जय व्हावा अशी आशा धरली. त्या युद्धात उरलेसुरले अरण्यही जळाले. सौरॉनचा पराभव झाला तेव्हा ग्वाथ्लोच्या दोन्ही अंगांना बहुतांशी उघडा माळ राहिला होता. आपल्या लेखासोबत छापलेल्या नकाशात नेमका हाच भाग कोरा आहे. तो कोरा कसा झाला, हे लेखकाने सांगितलेले असताना त्याला मुळातच रिकामा म्हणणे मला मान्य होत नाही. पुढे तिथे थार्बाडसारखे नदीबंदर आणि मोठा पूल उभा राहिला, गोंडोर आणि आर्नोर या दोन राज्यांनी मिळून तो रस्ता राखला, आणि तिसऱ्या युगाच्या २९१२ साली महापुरांनी तेही ओस पाडले. पण ती नंतरची गोष्ट आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. इंद्रप्रस्थ वसण्यापूर्वी खांडववन जळाले होते, आणि त्या आगीतून अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गकाची चार पिल्ले एवढेच जीव वाचल्याचे महाभारत सांगते. इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मधील ‘मयसभा’ या लेखात त्या दहनाकडे नव्या वस्तीसाठी जमीन मोकळी करण्याची कृती म्हणून पाहिले आणि त्यातील क्रौर्याबद्दल संकोच न करता लिहिले. जहाजांसाठी होणाऱ्या वनतोडीचेही तसेच आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज मलबारच्या सागवानाचे आहे आणि ते आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेले आहे. दोनशे वर्षे टिकणाऱ्या जहाजाचे कौतुक करताना ते सागवान कोणत्या डोंगरातून आले आणि तिथे तेव्हा कोण राहत होते, हे विचारण्याची सवय आपल्याला लागायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आता रोहानकडे येतो. तिसऱ्या युगात हा प्रदेश कालेनार्धोन या नावाने गोंडोरच्या राज्यात होता. १६३६ सालच्या महामारीने तिथली वस्ती विरळ झाली आणि पुढच्या शतकांत ती आणखी रोडावत गेली. २५१० साली पूर्वेकडून बालखोथ टोळ्यांचे आक्रमण झाले, तेव्हा उत्तरेतून एओर्ल आपले घोडदळ घेऊन धावून आला आणि केलेब्रांतच्या मैदानावर गोंडोरची सेना वाचली. त्याची कृतज्ञता म्हणून कारभारी किरिओनने कालेनार्धोन एओर्लला आणि त्याच्या लोकांना दिले, आणि दोघांनी एकमेकांना शपथ दिली. हा प्रसंग उदात्त आहे आणि आपल्या लेखकाने तो चांगला रंगवला आहे. परंतु किरिओनने दिलेल्या भूमीच्या पश्चिम भागात, आयझेन नदीच्या अलीकडे, डनलंडी लोक तेव्हाही राहत होते. त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्या शपथेत त्यांचा उल्लेखही नाही. एओर्लचा नातू आल्दोर याने २५७० ते २६४५ अशी पंचाहत्तर वर्षे राज्य केले. त्याच्या कारकिर्दीत आयझेनच्या पूर्वेला उरलेल्या डनलंडींना हुसकावले गेले किंवा अंकित केले गेले, असे तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. त्या एका वाक्यात किती गावे, किती शेते आणि किती थडगी मागे पडली असतील, याचा विचार वाचकानेच करायचा आहे.

यानंतरच्या चढाया या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. २७१० साली डनलंडींनी आयझेनगार्डचे ओस पडलेले वर्तुळ ताब्यात घेतले. २७५४ साली फ्रेका नावाच्या सरदाराने आपला मुलगा वुल्फ याच्यासाठी राजा हेल्मच्या मुलीला मागणी घातली. फ्रेकाच्या अंगात डनलंडी रक्त असल्याचे लोक बोलत. हेल्मने त्याला बाहेर नेऊन एका ठोशात मारले. चार वर्षांनी वुल्फने रोहानची राजधानी एडोरास जिंकून घेतली. राजघराण्याच्या बखरीत ही बंडखोरीच ठरणार, आणि रोहानचा इतिहास आपल्याला मिळतो तो त्याच बखरींतून.

या सगळ्या कथेत माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग रोहानमधील हेल्म्स डीपच्या गढीवरचा आहे. ३०१९ सालच्या मार्चमधील ती रात्र आहे, भिंतीखाली सारुमान या जादूगाराचे हजारो सैनिक ओरडत आहेत. राजाचा भाचा आणि वारस एओमेर याला त्या आवाजात पक्ष्यांचा कर्कश कलकलाट आणि जनावरांचे डरकाळणे यापलीकडे काही ऐकू येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या गॅमलिंग या वृद्ध शिपायाला मात्र त्या गोंगाटात माणसांची भाषा ऐकू येते, कारण त्याला डनलंडची बोली येते. ती माणसांची एक प्राचीन भाषा आहे आणि रोहानच्याच पश्चिमेकडील अनेक दऱ्यांत ती पूर्वी बोलली जाई, हे तो सांगतो. ते लोक आपल्याला उत्तरेकडचे दरोडेखोर म्हणत आहेत, गोंडोरच्या सरदारांनी ही भूमी एओर्लला दिली याचा राग पाचशे वर्षे उलटली तरी ते विसरलेले नाहीत आणि तीच जुनी जखम सारुमानने पेटवली आहे, एवढे सगळे तो भर लढाईत सांगून जातो. राज्याच्या वारसाला जे कळत नाही, ते सीमेवरच्या या म्हाताऱ्याला कळते, कारण सीमेवर राहणाऱ्याला शेजाऱ्याची भाषा शिकावी लागते. सीमाप्रदेशाचे इतके नेमके चित्रण मी इतरत्र क्वचितच वाचले आहे, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटते.

लढाईनंतर पकडलेल्या डनलंडींना ठार मारले जात नाही. रोहानचे लोक कैद्यांना जिवंत जाळतात, असे सारुमानने त्यांच्या मनात भरवले होते, त्यामुळे ते चकित होतात. रोहानचा सरदार एर्केनब्रँड त्यांना पडझडीच्या दुरुस्तीला लावतो आणि पुन्हा शस्त्र घेऊन आयझेनचे उतार ओलांडणार नाही, अशी शपथ घेऊन घरी सोडतो. ही उदारता खरी आहे. पण त्या शपथेने आयझेन नदी ही त्यांची कायमची हद्द ठरते, आणि नदीच्या अलीकडे त्यांचे काय गेले, याचा विषय निघत नाही. याच्या शेजारी द्रुआदान अरण्यातील वनवासी लोकांचा नायक गान-बुरी-गान याचा प्रसंग ठेवून पाहावा. तो रोहानच्या सैन्याला विसरलेल्या जुन्या वाटेने गोंडोरची राजधानी मिनास टिरिथकडे नेतो आणि मोबदल्यात एवढेच मागतो की आमच्या लोकांना वनात सुखाने राहू द्या आणि जनावरांसारखी आमची शिकार करू नका. म्हणजे तोवर रोहानचे लोक त्यांची शिकार करत होते. युद्ध संपल्यावर राजा झालेला आरागोर्न ते अरण्य गान-बुरी-गानच्या लोकांना कायमचे देतो आणि त्यांच्या परवानगीशिवाय कोणीही आत पाऊल टाकू नये, अशी द्वाही फिरवतो. आद्य रहिवाशांचा हक्क जाहीरपणे मान्य करण्याचा हा प्रसंग आहे. डनलंडच्या वाट्याला असे काही आले नाही, ही त्या इतिहासातील अपुरी बाजू आहे आणि टोल्किन यांच्या निःसीम चाहत्यांनीही ती कबूल करावी. डनलंडींच्या भाषेतला एकच शब्द ग्रंथात येतो, तोही शत्रूला हिणवण्याचा. त्यांच्यातील एकालाही आपली बाजू स्वतःच्या तोंडाने मांडण्याची संधी मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की हे लोक मूळचेच क्रूर आणि कपटी असतील, त्यांच्याशी दुसरे कसे वागणार? याचे उत्तर तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टातच आहे. पांढऱ्या पर्वतांच्या दऱ्यांत पूर्वी राहणाऱ्या लोकांचा डनलंडी हा अवशेष होता. त्याच लोकांतील काही जण आणखी उत्तरेला गेले आणि त्यांच्यापासून ब्री गावची माणसे झाली, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ब्री, स्टॅडल, कोम्ब आणि आर्चेट ही चार गावे, तिथली खानावळ, हॉबिटांना आणि वाटसरूंना सारख्याच अगत्याने वाढणारा, विसराळू पण मनाचा स्वच्छ बार्लीमन बटरबर. हा बटरबर आणि हेल्म्स डीपच्या भिंतीवर चढणारा डनलंडी एकाच मुळाचे आहेत. फरक इतकाच की ब्रीच्या लोकांची जमीन कोणी दुसऱ्याला बक्षीस दिली नाही. समुद्रापलीकडून राजे आले तेव्हा ते तिथे होते, आणि राजांची आठवणही पुसली गेली तेव्हाही ते तिथेच होते. त्यांच्या गावात हॉबिट येऊन राहिले, दोघे शेजारी झाले आणि कुणाचे काही बिघडले नाही. हॉबिटांच्या स्टूर शाखेने तर कित्येक शतके डनलंडच्या शेजारी संसार केला आणि त्यांच्या बोलीतील शब्दही उचलले. स्वतः शायरची वसाहतही रीतसर परवानगीने झाली. तिसऱ्या युगाच्या १६०१ साली मार्खो आणि ब्लांको या भावांनी राजा आर्गेलेबची अनुज्ञा घेतली, आणि पुलाची डागडुजी, राजाच्या जासुदांची सोय व त्याच्या सत्तेची मान्यता या अटी पाळण्याचे कबूल केले. ती जमीनही पूर्वी लागवडीखाली होती, हे टोल्किन सांगायला विसरत नाहीत.

हे सारे काल्पनिक आहे, मग त्याचा इतका काथ्याकूट कशाला, असेही काहींना वाटेल. मला ते पटत नाही. आज मराठीत अद्भुतकथा लिहू पाहणारी तरुण मुले-मुली आहेत. ती वह्यांत नकाशे काढतात, डोंगररांगा आणि नद्यांना नावे देतात आणि राजवंशांच्या सनावळ्या रचतात. त्यांच्या नकाशांतही एक सीमाप्रदेश असतो आणि तिथे बहुधा धाडसी वसाहतकार आणि त्यांच्यावर तुटून पडणारे बिनचेहऱ्याचे शत्रू एवढेच असतात. त्यांनी हा इतिहास पूर्ण वाचला, तर पहिली कुदळ पडण्याआधी त्या जमिनीवर कोण मध गोळा करत होते, नदीला तेव्हा कोण कोणत्या नावाने हाक मारत होते आणि लाकूड नेले गेले तेव्हा सरपण कुठून आणले गेले, हे प्रश्न त्यांना आपोआप सुचतील आणि त्यांच्या कथा अधिक खऱ्या होतील. त्यासाठी वृत्तपत्राने त्यांच्यापुढे अर्धी गोष्ट ठेवता कामा नये.

म्हणून माझी विनंती आहे की लेखमालेच्या पुढील भागांपैकी एक भाग डनलंड, एरिन व्हॉर्न आणि द्रुआदान या तीन ठिकाणच्या लोकांसाठी राखून ठेवावा, आणि ‘अनफिनिश्ड टेल्स’मधील लोंड डायर बंदराविषयीचे टिपण त्यात मराठीत सविस्तर समजावून द्यावे. जागेची अडचण असेल, तर राजांच्या वंशावळीची चौकट वगळली तरी चालेल. ती कोणत्याही आवृत्तीच्या परिशिष्टात सहज सापडते.

आपला,
एक वाचक,
नाशिक